दोन पिढ्यांमधील सामायिक ज्ञानाचा दुवा

उत्तरेस सातपुड्याची रांग आणि दक्षिणेस तापीचे पात्र यांच्यामध्ये वसलेला यावल तालुका महाराष्ट्राला मुख्यत्वे केळीच्या बागांमुळे ठाऊक आहे. परंतु या तालुक्याची ओळख तेवढ्यावर संपत नाही. यावल गावात नदीकाठच्या उंचवट्यावर जुन्या किल्ल्याचे बुरूज आजही उभे आहेत. शिंद्यांच्या अमलात अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हे ठाणे निंबाळकरांकडे आले आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ते इंग्रजी अमलाखाली गेले. हातकागद आणि नीळ या दोन वस्तूंसाठी एके काळी या गावाचे नाव होते. महर्षी व्यासांचे मंदिर येथे असून गुरुपौर्णिमेस दूरदूरचे भाविक दर्शनाला येतात. याच तालुक्यातील फैजपूर येथे १९३६ साली राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले होते.

या चार गोष्टींपैकी व्यासांचे मंदिर लहानथोर सर्वांना माहीत असते, कारण यात्रा दरवर्षी भरते आणि घरातील मुले मोठ्यांचे बोट धरून तेथे जातात. किल्ला सर्वांनी पाहिलेला असतो, पण तो कोणाचा, हे सांगणारे थोडे. फैजपूरच्या अधिवेशनाचे नाव पाठ्यपुस्तकात आले तर कानावर पडते. कागद आणि निळीची गोष्ट तर जवळजवळ विस्मरणात गेली आहे. गाव एकच, भाषा एकच. तरीही त्याच गावात राहणाऱ्या दोन पिढ्यांना एकाच गावाविषयी निरनिराळ्या गोष्टी ठाऊक असतात. हे अंतर कसे पडते, त्यामुळे कोणते नुकसान होते आणि ते कमी करण्यासाठी शाळा व ग्रामपंचायती यांना काय करता येईल, याचा विचार येथे करावयाचा आहे.

सामायिक ज्ञान म्हणजे काय?

कोणत्याही समाजातील माणसे परस्परांशी बोलतात, तेव्हा पुष्कळशा गोष्टी न सांगताच समजल्या जातात. पानिपतच्या रणांगणावर १४ जानेवारी १७६१ रोजी झालेल्या संहाराची वार्ता पेशव्यांना कळली ती एका सावकारी पत्रातून, असे इतिहासात नमूद आहे. त्या पत्रात माणसांची नावे नव्हती; मोती, मोहरा आणि खुर्दा यांच्या हानीचा उल्लेख होता. मोती म्हणजे कोण आणि मोहरा म्हणजे कोण, हे वाचणाऱ्याला सांगावे लागले नाही. लिहिणारा आणि वाचणारा यांच्याजवळ समान माहिती होती, म्हणूनच ते पत्र अर्थपूर्ण ठरले. ते त्रयस्थाच्या हाती पडले असते, तर त्याला तो केवळ व्यापारातील तोटा वाटला असता.

मराठी माणूस आजही ‘पानिपत झाले’, ‘ध चा मा केला’, ‘सोळा आणे खरे’ असे सहज बोलून जातो. नारायणराव पेशव्यांचा खून १७७३ साली झाला आणि त्या संबंधातील एका अक्षराच्या बदलाची आख्यायिका ‘ध चा मा’ या शब्दप्रयोगामागे आहे. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे आणि पैशाच्या तीन पई, हे कोष्टक १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली तेव्हापासून व्यवहारातून बाजूला पडत गेले. आजच्या विद्यार्थ्याला ‘सोळा आणे’ याचा अर्थ ‘पूर्णपणे’ असा आहे, एवढे ठाऊक असते. सोळाच का, पंधरा किंवा वीस का नाहीत, हे त्याला सांगता येत नाही. शब्द पुढच्या पिढीकडे पोचला, पण त्याच्या पाठीमागील व्यवहार मागेच राहिला.

केवळ अक्षरओळख झाली म्हणजे वाचन येते असे नाही, या मुद्द्याकडे अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठाचे प्राध्यापक ई. डी. हर्श यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात लक्ष वेधले होते. रिचमंड या शहरातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना त्यांनी काही उतारे वाचावयास दिले. मैत्रीसारख्या सामान्य विषयावरील उतारा विद्यार्थ्यांना नीट समजला. परंतु अमेरिकन यादवी युद्धातील ग्रँट आणि ली या दोन सेनापतींची तुलना करणारा उतारा त्यांना अवघड गेला, कारण हे दोघे कोण याचीच अनेकांना कल्पना नव्हती. वास्तविक रिचमंड हे त्या युद्धात दक्षिणेकडील राज्यांच्या राजधानीचे शहर होते. ज्या भूमीवर इतिहास घडला तेथील मुलांनाच तो अपरिचित राहावा, ही गोष्ट केवळ एका देशापुरती मर्यादित नाही. फैजपूर हे नाव उच्चारताच तिचा प्रत्यय आपल्याकडेही येतो.

फैजपूर : घरची गोष्ट

काँग्रेसची अधिवेशने पूर्वी मोठ्या शहरांतून भरत असत. ते खेड्यात भरवावे ही महात्मा गांधींची इच्छा प्रथम फैजपूर येथे साकार झाली. २७ आणि २८ डिसेंबर १९३६ रोजी भरलेले हे काँग्रेसचे पन्नासावे आणि ग्रामीण भागातील पहिले अधिवेशन होय. अध्यक्षस्थानी पंडित जवाहरलाल नेहरू होते. स्वागत समितीची धुरा शंकरराव देव यांनी सांभाळली. धनाजी नाना चौधरी, साने गुरुजी यांच्यासह खानदेशातील शेकडो कार्यकर्ते तयारीसाठी झटले. अधिवेशनाच्या नगराला लोकमान्यांच्या स्मरणार्थ टिळकनगर असे नाव देण्यात आले.

शांतिनिकेतनचे थोर चित्रकार नंदलाल बोस यांनी गांधीजींच्या आग्रहावरून या नगराची सजावट केली. बांबूसारख्या खेड्यात मिळणाऱ्या साहित्यातूनच प्रवेशद्वारे उभी राहिली आणि अध्यक्षांची मिरवणूक बैलांच्या सहा जोड्या जुंपलेल्या सजविलेल्या रथातून निघाली. राष्ट्रीय सभेचा जन्म १८८५ साली मुंबईस झाला म्हणून तेथून प्रज्वलित केलेली ज्योत धावपटूंनी हातोहात फैजपुरास आणली. खादी आणि ग्रामोद्योग प्रदर्शनाचे उद्घाटन गांधीजींनी केले. त्याच सुमारास अखिल भारतीय किसान सभेचेही अधिवेशन प्रा. एन. जी. रंगा यांच्या अध्यक्षतेखाली येथेच भरले.

हा केवळ सोहळा नव्हता. १९३५ चा कायदा नाकारून भारताची राज्यघटना भारतीयांच्या घटना समितीनेच तयार करावी, ही मागणी या अधिवेशनाने पुन्हा ठामपणे मांडली. शेतसारा आणि खंड यांत घट, कर्जाच्या ओझ्यातून सुटका, कुळांना जमिनीवरील हक्काची शाश्वती, शेतमजुरांना पोटापुरते वेतन, शेतकरी संघटनांना मान्यता अशा मागण्यांचा शेतीविषयक कार्यक्रम येथेच संमत झाला. पुढच्याच वर्षी प्रांतिक निवडणुका झाल्या आणि मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ आले; १९३९ साली मुंबई प्रांतात शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला आणि १९४८ साली कूळ कायदा आला. आज सातबारा उताऱ्यावर ज्यांचे नाव आहे, अशा कितीतरी कुटुंबांच्या इतिहासाशी या प्रश्नांचा संबंध आहे.

त्या अधिवेशनाच्या वेळी दहा वर्षांचे असलेले मूल आज शंभरीच्या उंबरठ्यावर असेल. म्हणजेच डोळ्यांनी पाहिलेली आठवण सांगणारी पिढी आता जवळजवळ संपली आहे. ज्या घरांतून माणसे स्वयंसेवक म्हणून गेली, ज्यांनी पाण्याची, धान्याची, बैलगाड्यांची सोय केली, त्या घरांतील मुलगे आणि सुना यांनी ऐकलेल्या गोष्टी मात्र अद्याप उपलब्ध आहेत. ठराव ग्रंथांत सापडतात. गावाने काय केले हे ग्रंथांत फारसे सापडत नाही. ते लिहून घेण्याचा काळ हाच आहे.

लेखणी आणि वाणी

ऐकलेले लिहून घेतल्याने काय साध्य होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण जळगाव जिल्ह्यानेच महाराष्ट्राला दिले आहे. आसोदे येथे १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता वाचता येत नव्हते. घरकाम आणि शेतकाम करताना त्या आपल्या बोलीत गाणी रचीत आणि म्हणत. त्यांचे चिरंजीव कवी सोपानदेव आणि नात्यातील पितांबर चौधरी यांनी त्यांपैकी काही वेळोवेळी टिपून ठेवली. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई निवर्तल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती गाणी आचार्य अत्रे यांना दाखविली आणि १९५२ साली अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. मुलाच्या हातून वही लिहिली गेली नसती, तर आईची वाणी तिच्याबरोबरच लोपली असती. उत्तर महाराष्ट्राच्या विद्यापीठाला २०१८ साली त्यांचे नाव देण्यात आले, तेही त्या वहीमुळेच शक्य झाले.

परंतु वही झाली म्हणून दुवा कायमचा जुळला, असेही नाही. त्या गाण्यांचे जग मोटेचे, जात्याचे आणि खळ्यावरील उपणणीचे आहे. मोट म्हणजे चामड्याची मोठी पखाल, ती ओढणारा जाड दोर तो नाडा, खालच्या सोंडेला बांधलेली बारीक दोरी ती सौंदर आणि पाणी जेथे ओतले जाते ते थारोळे. पूर्वी खानदेशातील शेतकऱ्याच्या मुलाला हे शब्द शिकवावे लागत नसत. आजच्या यावलमधील केळीच्या बागेत ठिबक सिंचनाच्या नळ्या अंथरलेल्या असतात. त्या बागेत वाढलेल्या मुलाला ‘लॅटरल’ आणि ‘फिल्टर’ समजतो, पण मोटेसाठी पुस्तकातील टीप पाहावी लागते. यात मुलाचा दोष नाही आणि मोट पुन्हा सुरू करावी असेही कोणी म्हणणार नाही. तथापि आजीने ज्या शब्दांत आयुष्याचे सुखदुःख मांडले, ते शब्दच नातीला परके झाले, तर आजी आणि नात यांच्यातील संभाषणाचा मोठा भाग नाहीसा होतो, हे लक्षात घेतले पाहिजे.

बदललेली नावे, बदललेली मापे

पिढ्यांमधील अंतर वाढण्यास राज्यकारभारातील बदलही कारणीभूत होतात. हे बदल आवश्यक होते; पण प्रत्येक बदलाबरोबर जुन्या शब्दांची एक फळी व्यवहाराबाहेर गेली. खानदेश जिल्ह्याची १९०६ साली पूर्व आणि पश्चिम अशी विभागणी झाली. पूर्व खानदेशाला १९६० साली जळगाव हे नाव मिळाले. पश्चिम खानदेशाचा धुळे जिल्हा झाला आणि त्यातून १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा काढण्यात आला. एदलाबादचे मुक्ताईनगर झाले. जुन्या खरेदीखतात ‘पूर्व खानदेश’ असे वाचणाऱ्या तरुणाला ते आपल्याच जिल्ह्याचे नाव आहे, हे सांगावे लागते.

‘पाटील’ आणि ‘कुलकर्णी’ ही आज आडनावे आहेत. जुन्या पिढीच्या लेखी ती गावातील वतनदारीची कामे होती. कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने आणि पाटील वतने १९६२ च्या कायद्याने संपुष्टात आली. कुलकर्ण्याचे दप्तर तलाठ्याकडे आले आणि तलाठी हे पदनामही अलीकडे बदलून ग्राम महसूल अधिकारी असे झाले. जमिनीच्या बाबतीत तर हा फरक रोज जाणवतो. १९४७ च्या एकत्रीकरण कायद्यान्वये ज्या गावांत योजना राबविली गेली, तेथे सर्व्हे क्रमांकाच्या जागी गट क्रमांक आले. घरातील वृद्ध माणूस शेताला त्याच्या नावानेच ओळखतो: कोणते आंब्याजवळचे, कोणते नाल्यापलीकडचे, कोणते मळईचे. मुलाला सर्व्हे क्रमांक आठवतो. नातू मोबाईलवर सातबारा उघडून गट क्रमांक सांगतो. तिघेही एकाच शेताबद्दल बोलत असतात. परंतु वाटणीच्या किंवा बांधाच्या तंट्यात तिघांची भाषा जुळत नाही आणि प्रकरण अकारण लांबते.

येथे नातवाचे ज्ञान कमी आणि आजोबांचे अधिक, असे मानणे चुकीचे ठरेल. संगणकीकृत अभिलेख कसा काढावा, पीक विम्याचा अर्ज कसा भरावा, बँकेचा व्यवहार मोबाईलवर कसा करावा, हे नातवाला ठाऊक असते आणि आजोबा त्यासाठी त्याच्यावर अवलंबून असतात. दोघांपाशी अर्धे अर्धे ज्ञान आहे. ते एकत्र आले म्हणजे शेताची माहिती पूर्ण होते.

माणसामाणसांतील अंतर

हे अंतर केवळ वयाचे नसते. यावल तालुक्यात लेवा गणबोली, गुर्जरी, तडवी, पावरी अशा अनेक बोली कानी पडतात. गावांतून उर्दू बोलणारी कुटुंबेही आहेत. सातपुड्यातील पाड्यांवर पावरा कुटुंबे राहतात आणि पायथ्याच्या गावांतून तडवी भिल्लांची जुनी वस्ती आहे. यावल येथे आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय असून डोंगराचा मोठा भाग १९६९ साली घोषित झालेल्या यावल अभयारण्यात येतो. मैदानातील शेतकऱ्याला पाड्यावरील सणांची, देवस्थानांची, वनस्पतींची माहिती सहसा नसते. पाड्यावरील मुलाला पाठ्यपुस्तकातील सणवार आणि म्हणी परक्या वाटतात. दुसऱ्या जिल्ह्यातून बदलून आलेल्या शिक्षकाला किंवा अधिकाऱ्याला तर दोन्ही बाजू नव्यानेच शिकाव्या लागतात.

यातून सामायिक ज्ञानाविषयी एक प्रश्न उद्भवतो. सर्वांना ठाऊक असावे असे जे आपण मानतो, ते कोणी ठरविले? पूर्वी शिकलेल्या थोड्या लोकांना जे माहीत, तेच ‘सर्वांना माहीत’ समजले जाई. बहिणाबाईंचे शहाणपण त्यात मोजले जात नव्हते, मग पाड्यावरील वृद्धेच्या औषधी वनस्पतींच्या ज्ञानाची दखल कोण घेणार? म्हणून आजोबांच्या काळी सर्वांना सर्व ठाऊक होते, ही समजूत खरी नाही. शिवाय जुन्या ज्ञानात उपयुक्त अनुभवाबरोबर अंधश्रद्धा आणि उच्चनीच भेदही मिसळलेले होते. जतन करावयाचे ते पारखून घेतले पाहिजे. मात्र पारखण्यासाठी ते आधी समोर असावे लागते.

कागद वाचता न आल्यास

ज्ञानाचा हा दुवा तुटल्यास केवळ हळहळ वाटते एवढेच नाही. माणसाच्या हक्कांवरही त्याचा परिणाम होतो. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मराठीतील हस्तलिखित व्यवहार मोठ्या प्रमाणावर मोडी लिपीत होत असे. जमिनीची खते, गहाणखते, जन्म-मृत्यूच्या नोंदी, जमाखर्चाच्या वह्या मोडीत आहेत. शाळेतून मोडी गेली आणि दोन पिढ्यांत अशी स्थिती आली, की पेटीतील आजोबांचा कागद नातवाला वाचता येत नाही. २०२३ साली राज्यात कुणबी नोंदींचा शोध घेण्याचे काम हाती घेतले गेले, तेव्हा मोडी वाचणाऱ्या जाणकारांची किती निकड आहे, हे प्रत्येक जिल्ह्याला जाणवले. राज्याच्या पुराभिलेख संचालनालयामार्फत मोडी लिपीचे प्रशिक्षण वर्ग घेतले जातात. प्रत्येक तालुक्यातील काही शिक्षकांनी आणि तरुणांनी ही लिपी शिकून घेतल्यास तिचा उपयोग इतिहासाइतकाच दैनंदिन कामकाजातही होईल.

वनहक्कांच्या बाबतीत तर वृद्धांच्या स्मृतीला कायद्यानेच स्थान दिले आहे. अनुसूचित जमाती आणि इतर पारंपरिक वननिवासी यांचे वनहक्क मान्य करणारा कायदा २००६ साली झाला आणि त्याखालील नियम २००८ पासून अमलात आले. नियम १३ मध्ये कोणते पुरावे ग्राह्य धरावयाचे, हे दिले आहे. त्यांत शासकीय अभिलेख, नकाशे, गॅझेटियर ही कागदपत्रे आहेत. त्याचप्रमाणे घर, विहीर, बांध, दफनभूमी, देवस्थान अशा जागेवरील खुणा, वंशावळ आणि दावेदाराव्यतिरिक्त गावातील वडीलधाऱ्या व्यक्तींचे लेखी स्वरूपात नोंदविलेले निवेदन यांचाही समावेश आहे. दाव्याचा निर्णय करताना अशा एकाहून अधिक पुराव्यांचा विचार करावयाचा असतो. आदिवासी दावेदाराला १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा आणि इतर पारंपरिक वननिवासीला त्या तारखेपूर्वी तीन पिढ्यांचे, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. हे वास्तव्य ज्याला आठवते, त्या वृद्धाचे निवेदन वेळेवर नोंदविले गेले नाही, तर एक पुरावा कायमचा नाहीसा होतो. वनहक्क समितीच्या सदस्यांनी हे काम पुढे ढकलू नये, ते एवढ्यासाठीच.

२००२ च्या जैविक विविधता कायद्यान्वये स्थानिक स्वराज्य संस्थांनी जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करून लोकजैवविविधता नोंदवही ठेवावयाची असते. गावातील झाडे, पिकांचे जुने वाण, मासे, औषधी वनस्पती आणि त्यांविषयीचे लोकांचे ज्ञान यांची नोंद तीत करावयाची असते. छापील यादी भरून टाकली तर ती नोंदवही निर्जीव राहील. गावातील जाणत्या स्त्री-पुरुषांना विचारून भरली, तर यावलच्या शिवारातील नाले, झरे आणि जुन्या विहिरींचाही तीत उल्लेख येईल. केळीच्या या पट्ट्यात भूजलाची पातळी खोल जात असताना, चाळीस वर्षांपूर्वी कोणत्या विहिरीला उन्हाळ्यात पाणी कोठवर असे, हे सांगणारा माणूस पाणलोटाच्या कामाला मोठे साहाय्य करू शकतो.

राजवाड्यांचा धडा

अशा संकलनाची परंपरा खानदेशाला नवीन नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी महाराष्ट्रभर पायपीट करून घराघरांतील दप्तरे तपासली आणि ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे बावीस खंड प्रसिद्ध केले. त्यातील पहिला खंड १८९८ साली निघाला. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे निवर्तले आणि त्यांच्या संग्रहाच्या जतनासाठी तेथे राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. माळ्यावर पडलेले कागद, वाळवीच्या आणि वाण्याच्या पुड्यांच्या तावडीतून सोडविलेली पत्रे, यांतून एका राज्याचा इतिहास उभा राहतो, हे त्यांनी दाखवून दिले. त्यांची दुसरी शिकवणही तितकीच मोलाची आहे. सांगोवांगीची गोष्ट अस्सल कागदाशी ताडून पाहिल्याखेरीज ते स्वीकारीत नसत. गावाच्या आठवणी गोळा करतानाही हाच नियम पाळला पाहिजे. एका घरातील आठवण दुसऱ्या घरातील आठवणीशी, आणि दोन्ही शाळेच्या दाखल खारीज रजिस्टराशी किंवा फेरफार नोंदीशी पडताळून पाहावी. जे जुळते ते इतिहास म्हणून आणि जे जुळत नाही ते आख्यायिका म्हणून नोंदवावे. दोहोंचे मोल आहे, पण ते निराळे आहे.

यासाठी वेगळ्या निधीची वाट पाहण्याची आवश्यकता नाही. सहावी-सातवीच्या विद्यार्थ्यांनी सुटीत आपल्या आजी-आजोबांना ठरावीक दहा प्रश्न विचारून उत्तरे वहीत लिहावीत. शेताचे जुने नाव, गावातील पहिली शाळा, पूर्वीची पिके, मापे, जात्यावरची गाणी, दुष्काळ आणि पूर यांची वर्षे असे ते प्रश्न असू शकतील. सांगणाऱ्याचे नाव, वय आणि तारीख लिहिण्याची सवय मुलांना लावावी. मुलांजवळ मोबाईल असल्यास आवाज ध्वनिमुद्रित करून घ्यावा. बोलीतील उच्चार त्यामुळे टिकतो. शिक्षकांनी या वह्या तपासून शाळेत ठेवाव्यात आणि ग्रामपंचायतीने त्यांची एक प्रत आपल्या दप्तरी घ्यावी. पाड्यावरील शाळेत ही उत्तरे आधी पावरी किंवा तडवी बोलीत आणि नंतर मराठीत लिहिली जावीत. वर्षातून एका ग्रामसभेत त्यांतील निवडक भाग वाचून दाखविल्यास चूक दुरुस्त करणारेही पुढे येतील.

मुलांनीही त्या बदल्यात मोठ्यांना काही शिकवावे. सातबारा कसा पाहावा, फसवणुकीचा दूरध्वनी कसा ओळखावा, दवाखान्याची नोंदणी कशी करावी, हे नातवाने आजीला समजावून दिले, तर देवाणघेवाण एकतर्फी राहणार नाही.

जळगाव जिल्ह्यातीलच एका शिलालेखात या विषयाचे सार सापडते. चाळीसगाव तालुक्यातील पाटणे येथील हा लेख शके ११२८ चा, म्हणजे तेराव्या शतकाच्या प्रारंभीचा आहे. ‘सिद्धांतशिरोमणि’कार भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला आणि निकुंभ राजांनी त्याला दान दिले, असे त्यात कोरले आहे. लेखाच्या अखेरीस त्या वेळच्या मराठीत बाजारातील माल, धान्य आणि तेल यांतून मठाला द्यावयाच्या हिश्श्याची तपशीलवार नोंद आहे. म्हणजे आजोबांची विद्या पुढे नेण्याचे काम नातवाने केले आणि त्याचा खर्च गावातील व्यापारी, शेतकरी व तेली यांनी उचलला. तो मठ आज राहिलेला नाही. शिलालेखही दीर्घकाळ विस्मृतीत होता आणि १८६५ साली डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यामुळे तो अभ्यासकांसमोर आला.

ज्ञान आपोआप एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जात नाही. त्यासाठी कोणीतरी व्यवस्था करावी लागते, हे त्या नातवाने आठशे वर्षांपूर्वी ओळखले होते. यावल तालुक्यातील शाळा आणि ग्रामपंचायती यांच्याकडून आज अपेक्षा आहे ती वहीची, विचारपूस करण्याची आणि लिहिलेले जपून ठेवण्याची. फैजपूरच्या आठवणी सांगणाऱ्या घरांपर्यंत आणि वनहक्काच्या दाव्यात साक्ष देऊ शकणाऱ्या वृद्धांपर्यंत ही वही या वर्षीच पोचली, तर पुढील पिढीला आपल्या गावाची गोष्ट परक्याकडून ऐकावी लागणार नाही.